तीन मंगळवार टेम्पो आला नाही

कंट्रोलर चहा दोन कपांत घेत. दोन चहा नव्हे. चहा एकच, निम्मा या कपात आणि निम्मा त्या कपात. पाथर्डीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला त्याची इतकी सवय झाली होती की हे बाकड्यावर टेकले की तो न विचारता जादा कप आणून ठेवी. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा न राहवून विचारलं, हे काय?

"एक लवंडला तर?" ते म्हणाले.

"मग दुसरा मागवायचा."

"आन् दूध संपल्यालं आसलं तर?"

समोर पातेल्यात दूध उतू चाललं होतं. मी तिकडे बोट दाखवलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आधी डाव्या कपातला चहा संपवला. उजवा नंतर.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं होतं. उभी हयात एसटीत कंट्रोलर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या प्रकल्पात 'मार्केट को-ऑर्डिनेटर' म्हणून लागले, पण गावातल्या बायांपासून पुण्याच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमपर्यंत सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं प्रत्येक गाव त्यांना माहीत होतं, आणि त्या गावातून कोण कधी कुठे जातं हेही. याच एका गुणावर त्यांना घेतलं होतं. बाकीचे गुण नंतर कळले.

प्रकल्प परदेशी पैशावर चाले. ऑफिस पुण्याला, त्याची एक फांदी नगरला, आणि काम पाथर्डी-शेवगावकडच्या गावांत, शेळ्या पाळणाऱ्या बायांमध्ये. आम्ही शेळ्या वाटत नव्हतो, औषधं फुकट देत नव्हतो. व्यापारी, टेम्पो, लस टोचणारी गावातलीच बाई आणि शेळीवाल्या यांची घडी अशी बसवायची की आम्ही उठून गेलो तरी ती मोडू नये. दुष्काळ पडो, रोग येवो, बाजार चालला पाहिजे. बॅनरवर त्याला 'लवचिक व तग धरणारी बाजार व्यवस्था' असं नाव होतं. पहिल्याच बैठकीत कंट्रोलर त्या बॅनरखाली उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग मला म्हणाले, "म्याडम, ह्यो ब्यानर एकाच खिळ्यावर हाय."

माझं काम देखरेखीचं. कागदावर आलेलं जमिनीवर आहे का, ते जाऊन बघायचं. टेम्पो आला म्हणून लिहिलंय, खरंच आला का? काट्यावर वजन केलं म्हणून लिहिलंय, की नजरेनंच बोकड विकला? थोडक्यात, संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. आणि स्वभावही त्याला साजेसाच होता, नाही म्हणत नाही. त्यामुळे एकाच ऑफिसात संशयी माणसं दोन झाली, आणि आमचं पटणं शक्यच नव्हतं.

कंट्रोलरांच्या मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं. फोन दोन. पेनं दोन. पिशवीत चपलेचा जादा जोड, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वह्या दोन, एक लाल आणि एक निळी, आणि कोणती कशासाठी हे कोणाला सांगत नसत. बैठकीत दाराजवळची खुर्ची. ज्या रस्त्यानं गावात जातील त्या रस्त्यानं परत यायचे नाहीत. राहतात कुठे, हेसुद्धा ऑफिसात कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच तर "हितंच की" म्हणायचे आणि हात कुठल्याही दिशेला करायचे.

आमच्या हिशेबनीसाच्या बहिणीचं लग्न होतं, तिथे हे पुरीभाजीच्या रांगेत उभे राहून मुलीच्या वडलांना म्हणाले, "समदं झ्याक हाय. आन् नवरदेव आलाच न्हाई तर?" त्या बापाचा चेहरा मला अजून आठवतो. चार जणांनी मिळून समजूत काढली. कंट्रोलरांना कळेना की आपण वावगं काय बोललो. परतताना जीपमध्ये म्हणत होते, "इचारून ठिवलेलं बरं आसतं."

त्यांचं सगळं शहाणपण डेपोतून आलेलं होतं. एकदा तिसगावच्या पुढे आमची जीप बंद पडली. दोन तास बाभळीखाली बसावं लागलं, तेव्हा ते आपणहून बोलले. तसं फार क्वचित व्हायचं.

"लोकं म्हनत्यात, डेपोच्या गाड्या किती? मी गाड्या कंदी मोजल्या न्हाईत. डेपोत तेलपानी करून बंद उभी आसती ना, कुटंच न जानारी, ती एक गाडी मोजायची. ती हाय तर डेपो हाय. ती न्हाई तर नुसती पाटी हाय."

"मग आपल्या प्रकल्पात तशी गाडी कोणती?" मी विचारलं.

"त्येच हुडकतोय," ते म्हणाले आणि लाल वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं, तर त्यांनी वही मिटली. मला त्या माणसाचा राग यायचा तो अशा वेळी.

आता टेम्पोची गोष्ट सांगते.

दर मंगळवारी सकाळी सोनईच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो एका गावात येई. ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली बाया शेळ्या-बोकड घेऊन जमत, फांदीला टांगलेल्या काट्यावर वजन होई आणि आधी ठरलेल्या किलोच्या दरानं माल टेम्पोत चढे. याआधी खाटीक यायचा, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि तोंडाला येईल तो आकडा सांगायचा. त्या मानानं हे फारच चांगलं होतं. परदेशी पाहुणे आले की त्यांना आम्ही हा काटा दाखवायचो, आणि ते त्याचा फोटो काढायचे.

त्या गावातली पुढारी बाई म्हणजे कौसाबाई. उंच, काळीसावळी, आवाज असा की लिंबावरचे कावळे उडावेत. तिची सून मनीषा शेळ्यांना लस टोचायचं शिकली होती. त्या वर्षी मनीषाला दिवस गेले होते. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची गाडी येऊन ऊसतोडीला माणसं नेणार, तेव्हा मनीषाला सहावा लागणार होता. कौसाबाईनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "बोकडं काट्यावर गेली तर पोरगी आन् पोरगा घरीच ऱ्हात्याल. न्हाई गेली तर जावं लागंल. कोपीत बाळातपन म्हंजी काय, म्या भोगलंय." ऊसतोडीच्या फडावर पाचटाची झोपडी घालतात, तिला कोपी म्हणतात. कौसाबाईचा मोठा मुलगा कोपीतच झाला होता, आणि त्याच्या पाठचं एक कोपीतच गेलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं.

पुण्याच्या मॅडमनी एका बैठकीत पडद्यावर तक्ता दाखवला होता. काय बिघडू शकतं, त्यावर उपाय काय. 'व्यापारी न आल्यास' असा एक रकाना होता, आणि त्यासमोर लिहिलं होतं, 'प्रकल्प कर्मचारी समन्वय साधतील.'

दाराजवळून आवाज आला, "आन् परकल्पच नसला तर?"

सगळे हसले. मीही हसले. कंट्रोलर हसले नाहीत. म्हणाले, "एखाद्या मंगळवारी टेम्पो बंद ठिवून पघू. न सांगता. बाया काय करत्यात ते तरी कळंल. आपुन हितं हाय तवर कळल्यालं बरं."

मॅडम म्हणाल्या, व्यापारी नाराज होईल, पाहुणे यायचेत, असले प्रयोग नकोत. विषय तिथेच संपला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

पहिला मंगळवार पावसाळा सरतानाचा. मी गावातच होते. बाया नऊ वाजल्यापासून लिंबाखाली बसल्या होत्या, काही जणी वस्तीवरून करडं खांद्यावर घेऊन आलेल्या. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं, शेळ्या ओरडायला लागल्या. टेम्पो नाही. कंट्रोलर पारावर बसून निळ्या वहीत लिहीत होते, मध्येच खिशातलं घड्याळ काढून मनगटावरच्याशी ताडून बघत होते. बाया माझ्या अंगावर आल्या. तुमच्या भरवशावर आमी खाटकाला तोडलं, आता काय करायचं? मी फोन काढला. व्यापाऱ्याचा फोन लागेना. बारा वाजता बाया शिव्या देत घरी गेल्या.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी कंट्रोलरांना म्हटलं.

"वाटतं की," ते म्हणाले. "कुनीच दुसरा फोन लावला न्हाई."

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. हे सांगताना आज बरं वाटत नाही, पण तेव्हा मला त्यात माझी हुशारी वाटत होती. पाथर्डीच्या त्याच हॉटेलात मी त्यांना दोनदा एका अनोळखी माणसाबरोबर पाहिलं. चौकशी केली, तर तो कोपरगावकडचा शेळ्यांचा व्यापारी निघाला. पुढे कळलं, की कंट्रोलरांनी त्याला कौसाबाईच्या घरी नेलं होतं, आणि ऑफिसात त्याची एका अक्षराचीही नोंद नव्हती. मी गणित मांडलं. सोनईवाल्याचा टेम्पो बंद पाडायचा, कोपरगाववाल्याला आत आणायचं, मधल्या मध्ये आपली सोय लावायची. कुठेतरी पाणी मुरतंय, यात मला शंका राहिली नाही.

बैठकीतलं त्यांचं बोलणं मला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं. पण मला वाटलं, हा माणूस किती पोचलेला! पकडलं गेल्यावर सांगायला कारण आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवलंय. संशयी माणसाची गंमत ही, की त्याला पुरावा कुठूनही मिळतो, निर्दोष असल्याच्या खुणेतूनसुद्धा.

दुसऱ्या मंगळवारी, दोन-तीन आठवड्यांनी, परत टेम्पो नाही. या वेळी बाया गप्प बसल्या नाहीत. कौसाबाईनं तीन-चार ठिकाणी फोन लावले, शेजारच्या गावचा खाटीक आला, आणि नजरेनंच थोडाफार माल गेला. दर पडेल मिळाला. मी संध्याकाळी सरळ टेम्पोच्या ड्रायव्हरला गाठलं. तो बिचारा भोळा. म्हणाला, "ताई, कंट्रोलरसायबांचाच फोन हुता. आज येऊ नका म्हनले. मागल्या टायमाला बी त्येंचाच हुता. मालकाचं त्येंनी काय ते बघितलं आसंल."

सहाव्या महिन्याकडे चाललेली मनीषा माझ्या डोळ्यांसमोर आली. या माणसाला ते माहीत होतं. कौसाबाईनं त्याच्यासमोरच मला सांगितलं होतं. तरीही त्यानं टेम्पो थांबवला.

तिसरा मंगळवार म्हणजे मुकादमाची गाडी यायच्या दोन दिवस आधीचा. त्या दिवशी मी नगरला होते. दुपारी ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन केला, तर तो म्हणाला, टेम्पो आला नाही, व्यापाऱ्याचा फोन बंद आहे. मी ड्रायव्हरला विचारलं नाही. गरज काय होती? दोनदा ज्यानं केलं त्यानंच तिसऱ्यांदा केलं.

बुधवारी सकाळी मी गावात. लिंबाखाली कोणी नव्हतं. काटा फांदीला नव्हता. कौसाबाई दारात धान्य निवडत होती.

"मावशी, बोकडं कुठंयत?"

"गेली."

"कुठं गेली? कोणी नेली?"

"बाजारात."

"काट्यावर गेली की नजरेनं?"

"गेली काय तरी," ती म्हणाली आणि सुपातले खडे वेचत राहिली. मनीषा आतून डोकावली आणि परत आत गेली. इतर बायांच्या घरी गेले, तिथेही तेच. कोणी धड बोलेना. कावळे उडवणारी कौसाबाई खाली मान घालून बसते म्हणजे तिला कोणी दम दिला असणार, असं मी समजले. दम देणारा कोण, ते उघड होतं.

त्याच दुपारी मी पुण्याला पत्र लिहिलं. तीन मंगळवार टेम्पो कंट्रोलरांनी थांबवला असं लिहिलं. बायांना गप्प बसवलं असं लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, ते मला तोंडपाठ आहे: 'त्यांच्या या वागण्यामुळे सहा महिन्यांची एक गरोदर स्त्री ऊसतोडीला जात आहे.' ते वाक्य लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

आठवड्यानं नगरच्या ऑफिसात मॅडम आल्या. पत्र टेबलावर. कंट्रोलर दाराजवळच्या खुर्चीत. मॅडमनी विचारलं, "तीनही मंगळवार तुम्ही थांबवलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. डेपोत उशिरा आलेल्या गाडीकडे बघावं तसं. मग दोन्ही पेनं खिशात टाकली, दोन्ही वह्या पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "लिवलंय तसंच धरा."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"न्हाई."

गेले. ज्या दारानं आले होते त्या दारानं गेले नाहीत, मागच्या जिन्यानं गेले. मला माझ्या डोळ्यांसमोर न्याय झाल्यासारखं वाटलं. ऑफिसनं मला शाबासकी दिली आणि अहवाल लिहायला नगरलाच बसवलं. गावात जाणं संपलं.

प्रकल्पही संपला. अगदी अचानक. सकाळी ऑफिसात गेलो, तर परदेशातून पत्र आलेलं, की पैसा थांबला आहे, आजपासून काम बंद. समन्वय साधणारे प्रकल्प कर्मचारी, म्हणजे आम्हीच, दुपारपर्यंत खोक्यांत कागद भरत होतो. बॅनर काढला तेव्हा खरोखरच एका खिळ्यावर होता. त्या क्षणी मला कंट्रोलर आठवले, आणि मी मुद्दाम दुसऱ्याच गोष्टीचा विचार केला.

दोन वर्षं गेली. मी आता एका दुसऱ्या संस्थेत आहे. मागच्या उन्हाळ्याआधी तिच्याच कामानं शेवगावकडे गेले होते. परतताना मंगळवार आहे हे लक्षात आलं, आणि स्कूटी गावाकडे वळवली. मनात अशी खात्री होती, की लिंबाखाली काही नसणार. आम्ही गेलो की सगळं गेलं असणार.

लिंबाखाली टेम्पो उभा होता. काटा फांदीला होता. पण टेम्पो सोनईचा नव्हता. त्यावर कुठलंच नाव नव्हतं. आणि पलीकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून आणखी एक छोटा हत्ती उभा होता, मोकळा, ड्रायव्हर आत झोपलेला.

"हा कोणाचा?" मी कौसाबाईला विचारलं.

"हाय आसाच," ती म्हणाली. "तुमाला कशाला सांगू?"

हे तिनं हसत म्हटलं, पाणी देता देता. पण सांगितलं नाही ते नाहीच.

मग एक दोन वर्षांची मुलगी मनीषाच्या पदराला धरून बाहेर आली. नाकातून शेंबूड, हातात बाजरीची भाकरी. मी महिने मोजले. मोजायची सवयच आहे.

"ही फडावर झाली का गं?" मी मनीषाला विचारलं.

"न्हाई ताई. हितंच, पाथर्डीच्या दवाखान्यात. आमी गेलोच न्हाई त्या साली."

"पण टेम्पो आला नव्हता ना? तिसऱ्या मंगळवारी?"

कौसाबाई समोर बसली. "न्हाई आला. सोनईवाल्यानंच दांडी मारली हुती. गुरवारी मुकादमाची गाडी, आमी अडलोय, हे त्याला ठावं हुतं. बुधवारी येऊन मातीमोल न्यायचा बेत हुता त्याचा."

"कंट्रोलरांनी थांबवला नव्हता?"

"पयले दोन त्येंनी थांबावले. लई शिव्या दिल्या आमी त्येंला, तोंडावर दिल्या. तर म्हनले, द्या शिव्या, पन पुढल्या टायमाला काय करताल ते सांगा. तवा बसून समद्यांचे फोन लिवून घेतले. कोपरगाववाला, राहुरीवाला. कांदा नगरला टाकून मोकळ्या येत्यात त्या गाड्यावाल्यांचे. म्हून तिसऱ्या मंगळवारी आमी धा मिन्टं बी थांबलो न्हाई. गाडी आडवली, आमचाच काटा घेतला, बाजार गाठला."

"मग बुधवारी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी लिवून घेत हुता," ती म्हणाली.

तीच पुढे म्हणाली, "कंट्रोलरभाऊ म्हनले हुते, हापिसाला सांगाल तर दुसऱ्या दिशी त्या गाडीवर हापिसाचा बोर्ड लागंल. मंग ती बी हापिसासंगटच बंद पडंल."

त्यांनी बैठकीत तोंड का उघडलं नाही, ते मला आत्ता कळलं. तिसरा मंगळवार माझा नाही, एवढं म्हटलं असतं तर आम्ही विचारलं असतं, मग माल गेला कसा? आणि आमच्या तक्त्यात तो रकाना आम्ही लगेच भरला असता. डेपोतली बंद उभी असलेली गाडी त्यांना सापडली होती, आणि ती त्यांनी आमच्यापासून लपवली. नोकरी गेली तरी लपवली.

स्वभाव जात नाही. एका क्षणी मनात आलंच, की हेही कौसाबाईला पढवून ठेवलेलं असेल का? पण ती पोरगी समोर भाकरी खात होती. माझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य खोटं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पहिल्या दोन मंगळवारी बायांना उन्हात ताटकळत ठेवलं ते मला आजही पटत नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगेन. पण तिसऱ्या मंगळवारचं देणं माझ्याकडे लागत होतं.

"मला त्यांची माफी मागायचीय. नंबर द्या," मी म्हटलं.

"नंबर न्हाई द्यायची. म्या लावून इचारते." तिनं फोन लावला, माझ्याकडे पाठ केली, पण तिचा आवाज आणि तिचा फोन दोन्ही मोठे. "ती लिवनारी बाई आली हाय. माफी मागायची म्हनती. मंगळवारी येती म्हनती."

पलीकडून आवाज आला. "आन् मी न्हाई आलो तर? इचार तिला."

कौसाबाईनं विचारलं. आजूबाजूच्या बाया शेळ्या सोडून ऐकत होत्या.

"तर त्याच्या पुढच्या मंगळवारी येईन," मी म्हटलं.

फोन बंद झाला.

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून गेले. ते आले नाहीत. बारापर्यंत पारावर बसले, उन्हात, बाया करडं घेऊन बसायच्या तिथेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी परत गेले. आले नाहीत. कौसाबाईनं चहा दिला. तिसऱ्या मंगळवारी अकरा वाजले तेव्हा मी उठले. येणार नाहीत हे उघड होतं. दोनदा जो आला नाही तो तिसऱ्यांदा कशाला येईल?

स्कूटीला चावी लावली, आणि हात थांबला. हे मी याआधी एकदा केलं होतं. मी परत फिरले आणि कौसाबाईला म्हटलं, फोन लावा, मी बोलते.

"हॅलो," मी म्हटलं. "तुम्ही आला नाहीत."

"दोन मंगळवार मीच आलो न्हाई," ते म्हणाले. मागे भांड्यांचा आणि गाड्यांचा आवाज येत होता. "आजचा माझा न्हाई. स्टँडवर बसलोय नऊपासून. वडापची जीप भरतच न्हाई."

"दुसरी गाडी नाही?"

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी हे विचारलं होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

"थांबा तिथंच. मी येते न्यायला."

"आन् तुमी न्हाई आल्या तर?"

"येते," मी म्हटलं आणि फोन कौसाबाईच्या हातात दिला.

पाथर्डीच्या स्टँडसमोर ते त्याच बाकड्यावर बसलेले. थकलेले, मनगटावर घड्याळ, पायाशी पिशवी. समोर दोन कप, निम्मा चहा यात, निम्मा त्यात. डावा संपलेला होता. उजवा त्यांनी माझ्या बाजूला सरकवला. चहा पार निवला होता, मी तो तसाच प्यायले.

मागे रस्त्याला माणसांनी खचाखच भरलेली एक जीप कौसाबाईच्याच गावाच्या दिशेनं निघाली होती. ती नऊपासून तिथं होती का, मध्ये आणखी एखादी सुटली होती का, हे मी हॉटेलवाल्याला विचारलं नाही.